पर्लाइटचं मॉडेल करायचंय? आधी पट्ट्या मोजा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कुठल्याही फौंड्रीच्या लॅबमध्ये सकाळी गेलात तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "मायक्रो बघितला का? पर्लाइट किती?" उत्तर येतं, "नव्वद टक्के." रिपोर्टवर तेवढंच लिहिलं जातं आणि जॉब पुढं जातो. मायक्रो म्हणजे मायक्रोस्कोपखाली दिसणारी धातूची रचना, आणि पर्लाइट म्हणजे स्टीलमधला दोन पदार्थांच्या बारीक पट्ट्यांचा भाग.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन फोर्ज केलेल्या पिना आल्या होत्या. एकाच बारमधून कापलेल्या, कार्बन तोच, आणि दोन्हींचा मायक्रो जवळजवळ शंभर टक्के पर्लाइट. तरी लोडखाली एक पिन वाकली आणि दुसरी हललीसुद्धा नाही. चौकशी केल्यावर कळलं की पहिली पिन गरम असतानाच बाकीच्यांबरोबर पेटीत ढिगानं टाकली होती. दुसरी जमिनीवर सुटी पडून थंड झाली होती. टक्केवारीच्या रकान्यात हा फरक कुठंच येत नाही. तो येतो पर्लाइटच्या पट्ट्यांमधल्या अंतरात. हे अंतर मोजायचं कसं, त्यामुळं स्टीलचं वाकणं-ताणणं का बदलतं आणि ते कॉम्प्युटरवर कसं उतरवायचं, हे या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांसाठी इथं क्रमानं लिहितो आहे. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाइतकं धातुशास्त्र येत असेल तर पुरे.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोल्हापूरचं मुख्य काम बिडाचं, म्हणजे ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नचं. त्यातही पर्लाइट असतोच, पण सोबत ग्राफाइट असतं आणि ते सगळं चित्र गढूळ करतं. म्हणून सुरुवात स्टीलपासून करा. शब्दांचाही एक घोटाळा टाळा. आपल्याकडे 'नोड्यूल' म्हटलं की एसजीमधला ग्राफाइटचा गोळा डोळ्यापुढं येतो. पर्लाइटवरच्या लिखाणात मात्र 'नोड्यूल' म्हणजे फेराइटची स्फटिक-दिशा जवळजवळ एकच असलेला पर्लाइटचा भाग. मी ग्राफाइटसाठी 'गोळा' म्हणतो, म्हणजे विद्यार्थ्यांची गफलत होत नाही.

पायरी १: वस्तू नीट ओळखा

सुमारे ०.७७ टक्के कार्बनचं स्टील लाल तापवून ७२७ अंश सेल्सिअसच्या खाली हळूहळू आणलं, की ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलचं स्फटिकरूप) मोडतो आणि त्याच्या जागी दोन पदार्थांच्या आलटून-पालटून पट्ट्या तयार होतात. मऊ फेराइटमध्ये कार्बन नावापुरता, जास्तीत जास्त ०.०२ टक्के. कडक सिमेंटाइटमध्ये ६.६७ टक्के. लिव्हर रूल लावला तर सिमेंटाइट वजनानं ११ टक्क्यांच्या थोडं वर येतं, आकारमानानं साधारण साडेअकरा. म्हणजे फेराइटची पट्टी सिमेंटाइटच्या पट्टीपेक्षा सात-आठ पट जाड. पॉलिश करून एच केलेल्या (ॲसिडनं हलकं कोरलेल्या) पृष्ठावर या पट्ट्या शिंपल्यासारखी रंगीत झाक देतात. शेफील्डच्या हेन्री सॉर्बीनं एकोणिसाव्या शतकात हे पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मोत्याचं नाव या पदार्थाला त्या झाकेवरून पडलं.

'पट्ट्या' म्हटलं की सुट्या फळ्यांची चळत मनात येते. तसं नाही. एका कॉलनीतलं सगळं सिमेंटाइट आतून एकमेकांना जोडलेलं, फाटे फुटलेलं एकच स्फटिक असतं, आणि फेराइटही तसंच. पाण्याच्या बादलीत बुडवलेला कोबीचा गड्डा डोळ्यापुढं आणा. पानं सगळी एकाच दांड्याची आणि मधलं पाणीही एकच. आडवा छेद घेतला की मात्र सुट्या पट्ट्या दिसतात.

आता तीन पातळ्या लक्षात ठेवा. सगळ्यांत मोठा जुना ऑस्टेनाइट ग्रेन. त्याच्या सीमांवरून वाढलेले नोड्यूल. नोड्यूलच्या आत कॉलन्या, जिथं पट्ट्या एका दिशेला असतात. कॉलनी काही मायक्रॉनची, तर पट्टी ते पट्टी अंतर साधारण ५० ते ४०० नॅनोमीटर. मजबुती मुख्यतः या शेवटच्या आकड्यावर ठरते. जुन्या ऑस्टेनाइट ग्रेनचा आकार टफनेसमध्ये जास्त बोलतो.

पायरी २: तीन तुकडे तयार करा

०.७५ ते ०.८० टक्के कार्बनचं स्टील घ्या. स्पेक्ट्रोवर खात्री करून घ्या, भंगारवाल्याच्या शब्दावर नको. एकाच बारचे तीन तुकडे कापा आणि तिन्ही ८५० अंशांच्या आसपास पुरेसा वेळ ठेवून पूर्ण ऑस्टेनाइट होऊ द्या. मग पहिला भट्टीतच, भट्टी बंद करून थंड करा. दुसरा बाहेर काढून हवेत ठेवा. तिसरा ५५० ते ६०० अंशांच्या सॉल्ट बाथमध्ये टाका आणि रूपांतर पूर्ण झाल्यावर बाहेर काढा. सॉल्ट बाथचं काम हीट ट्रीटमेंटच्या दुकानात, त्यांच्याच माणसाकडून करून घ्या. ओला तुकडा बाथमध्ये गेला तर वितळलेलं मीठ अंगावर उसळतं.

तिन्ही तुकड्यांत पर्लाइटची टक्केवारी जवळपास सारखी येईल, पण बीएचएन (ब्रिनेल कडकपणाचा आकडा) सारखा येणार नाही. भट्टीत थंड झालेला तुकडा दोनशेच्या खाली-वर, हवेतला पावणेतीनशे-तीनशेच्या घरात. कारण सरळ आहे. रूपांतर जितक्या कमी तापमानाला होतं, तितका कार्बनला सरकायला कमी वाव मिळतो आणि पट्ट्या तितक्या जवळजवळ बसतात. ७२७ च्या खाली किती अंश उतरल्यावर रूपांतर झालं, त्या आकड्याच्या व्यस्त प्रमाणात अंतर बदलतं. ढिगातली पिन मऊ का पडली, ते इथंच कळतं.

तापवताना बाहेरच्या थरातला कार्बन जळतो. म्हणून तपासायच्या पृष्ठावरचा निदान एक मिलिमीटर थर ग्राइंड करून काढा. नाहीतर फेराइटची कड बघत बसाल आणि स्टीललाच दोष द्याल.

पायरी ३: पॉलिश, एचिंग आणि मोजणी

माउंट करा, एमरी २२० पासून १०००-१२०० पर्यंत चढवा, शेवटी एक मायक्रॉनची डायमंड पेस्ट. प्रत्येक पेपरला तुकडा नव्वद अंशांत फिरवा आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका. मग २ टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड), पाच ते दहा सेकंद. डोळे घड्याळावर नको, पृष्ठावर ठेवा. आरशासारखी चमक जाऊन फिकट धुरकट छटा आली की लगेच पाण्याखाली, मग अल्कोहोल, मग गरम हवा. दोन सेकंद जास्त झाले तर बारीक पर्लाइट काळा ठिक्कर पडतो आणि आत काहीच दिसत नाही. नायटल करताना ॲसिड अल्कोहोलमध्ये थेंबाथेंबानं घालायचं, उलट कधीच नाही, आणि तयार नायटल घट्ट बुचाच्या बाटलीत साठवायचं नाही. पिक्रलनं (अल्कोहोलमधल्या पिक्रिक ॲसिडनं) पर्लाइट जास्त स्वच्छ उघडतो हे खरं, पण कोरडं पिक्रिक ॲसिड स्फोटक असतं. नव्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

साध्या मायक्रोस्कोपवर पहिल्या तुकड्याच्या पट्ट्या दिसतील. दुसऱ्याच्या कुठं कुठं दिसतील. तिसऱ्याच्या दिसणार नाहीत, कारण प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास संपते. तिथं एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. शिवाजी विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात किंवा जवळच्या कॉलेजात चौकशी करा.

मोजताना बहुतेक जण चुकतात ते असं. फोटोत सगळ्यांत सुरेख, सरळ, दाट पट्ट्यांची एक कॉलनी शोधतात, तिथं रेघ मारतात आणि तेवढाच आकडा लिहितात. पण छेद प्रत्येक कॉलनीला वेगळ्या कोनातून कापतो. तिरका कापला तर पट्ट्या एकमेकींपासून आहेत त्यापेक्षा लांब दिसतात. यावरचा उपाय वर्तुळाचा. फोटोवर ठरावीक व्यासाचं वर्तुळ कुठंही टाका, परीघ सिमेंटाइटच्या किती पट्ट्यांना छेदतो ते मोजा, परिघाला त्या संख्येनं आणि मोठेपणानं (मॅग्निफिकेशननं) भागा. आलेल्या सरासरीचं निम्मं म्हणजे खरं सरासरी अंतर.

उदाहरण घ्या. १०,००० पट फोटो, वर्तुळाचा व्यास ८० मिलिमीटर, परीघ २५१.३ मिलिमीटर. छेद आले ६३. भागल्यावर ३.९९ मिलिमीटर, मोठेपणानं भागल्यावर ३९९ नॅनोमीटर, त्याचं निम्मं २०० नॅनोमीटर. त्यातली सिमेंटाइटची पट्टी साधारण २३ आणि फेराइटची १७७. हे किमान वीस-पंचवीस वेगवेगळ्या जागी करा. इमेज-जे नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे काम आरामात होतं. सरासरीबरोबर पसाराही, म्हणजे आकडे किती विखुरलेत तेही लिहून ठेवा. मॉडेलला तोही लागतो.

पायरी ४: ताण दिल्यावर आत काय घडतं

इथं घाई करू नका. हे डोळ्यापुढं आलं नाही तर पुढचं सॉफ्टवेअर म्हणजे नुसती बटणं दाबणं होतं.

सुरुवातीला दोघंही लवचीक असतात आणि दोघांचा ताठपणा फार वेगळा नसतो, म्हणून भार जवळजवळ वाटून घेतला जातो. मग फेराइट यील्ड होतो, म्हणजे कायमचा ताणला जाऊ लागतो. त्यात डिसलोकेशन (स्फटिकरचनेतले रेषेसारखे दोष) सरकू लागतात, पण वरच्या उदाहरणातल्या १७७ नॅनोमीटरवर सिमेंटाइटची भिंत आहे. डिसलोकेशन दोन भिंतींमध्ये वाकून, दबून पुढं जातं. वाट जितकी अरुंद तितकं वाकवायला बळ जास्त. फेराइट सैल झाल्यावर पुढचा भार सिमेंटाइटकडे सरकतो. नमुन्यावरचा भार काढला की सिमेंटाइट ताणात आणि फेराइट दाबात अडकून राहतो. म्हणून उलट दिशेला भार दिला तर तो आधीपेक्षा लवकर यील्ड होतो. याला बाउशिंगर परिणाम म्हणतात आणि पर्लाइटमध्ये तो ठळक असतो.

आता दिशा. पट्ट्या ताणाच्या दिशेला समांतर असतील तर सिमेंटाइट सरळ भार ओढतं आणि कॉलनी कडक वागते. पट्ट्या ४५ अंशांवर असतील तर फेराइट पट्टीच्या लांबीनं सरकतो. त्याला १७७ नॅनोमीटरची भिंत आडवी येत नाही, कॉलनीची सीमा येईपर्यंत रस्ता मोकळा. हे निव्वळ योगायोगानं होत नाही. फेराइट आणि सिमेंटाइटचं जे नातं बागार्‍यात्स्कीच्या नावानं ओळखलं जातं, त्यात पट्टीचा पृष्ठभाग हाच फेराइटच्या एका स्लिप प्रतलाला (ज्यावरून स्फटिक सरकतो त्या प्रतलाला) समांतर असतो आणि स्लिपची दिशाही त्याच प्रतलात पडते. म्हणजे एकाच तुकड्यात, एकाच अंतराच्या शेजारी-शेजारी कॉलन्या एक कडक आणि एक मऊ. सगळी विकृती मऊ कॉलन्यांत गोळा होते.

पुढं सिमेंटाइटचं काय होतं, तेही जाडीवर ठरतं. जाड पट्टी तुटते. बारीक पट्टी वाकते, ताणली जाते, मध्येच मानेसारखी बारीक होते (नेकिंग) आणि बराच वेळ टिकते. मिलर आणि स्मिथ यांनी १९७० साली तडा कसा वाढतो ते दाखवलं. फेराइटमधला स्लिपचा पट्टा एका सिमेंटाइटच्या पट्टीवर आदळतो, ती तुटते, तिथला भार शेजारच्या पट्टीवर येतो, तीही तुटते, आणि तिरक्या रेषेत तुटलेल्या पट्ट्यांची माळ तयार होते. पुढं त्या फटी एकमेकींना मिळतात. तुटलेल्या नमुन्याचा उभा छेद घेऊन एसईएमखाली ही माळ एकदा स्वतः शोधा. शंभर पानं वाचून येणार नाही ते त्या एका फोटोत येतं.

पायरी ५: पहिलं मॉडेल वहीत

कॉम्प्युटर उघडण्याआधी एक कॉलनी कागदावर सोडवा. नियम दोनच. पट्टीच्या प्रतलात दोघांची विकृती सारखी, कारण दोन्ही एकमेकांना चिकटलेले आहेत. पट्टीच्या काटकोनात दोघांवरचा ताण सारखा, कारण बळ एकातूनच दुसऱ्यात जातं.

पट्ट्यांना समांतर ताण दिला आहे असं धरा. समजा फेराइटवर ७०० मेगापास्कल आणि सिमेंटाइटवर २५०० आहे. तर ०.८८५ गुणिले ७०० म्हणजे ६२०, ०.११५ गुणिले २५०० म्हणजे २८७, बेरीज ९०७. अकरा-बारा टक्के असलेला पदार्थ जवळपास एक तृतीयांश भार उचलतो आहे. हे आकडे नुसते गृहीत धरलेले आहेत, पण पुढं कॉम्प्युटरनं काही भलतंच दिलं तर याच हिशेबाशी ताडून बघता येतं.

पायरी ६: अंतर मॉडेलला सांगावं लागतं

संपूर्ण लेखातली ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. मी स्वतः सुरुवातीला बराच वेळ याच ठिकाणी अडकलो होतो. पट्ट्यांची सुंदर भूमिती केली, मेश केला (हिशेबासाठी तिचे छोटे-छोटे एलिमेंट पाडले), फेराइटला एक ताण-विकृती आलेख दिला, सिमेंटाइटला दुसरा. मग अंतर निम्मं करून पुन्हा चालवलं. आलेख तोच. एक रेघही हलली नाही.

चूक मेशची नव्हती. नेहमीच्या प्लास्टिसिटीच्या समीकरणांत लांबीचं कुठलंच माप नसतं. जाडीचं गुणोत्तर तेच असेल तर २०० नॅनोमीटर काय आणि २०० मिलिमीटर काय, त्यांना सगळं सारखंच. भिंतीवर अडकणारं डिसलोकेशन त्या समीकरणांना दिसतच नाही.

म्हणून अंतर बाहेरून द्यावं लागतं. साधा मार्ग हॉल-पेचचा. फेराइटचा यील्ड म्हणजे एक स्थिर भाग, अधिक अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणातला दुसरा भाग. अंतर ४०० वरून १०० झालं तर दुसरा भाग दुप्पट. तुमच्या तीन तुकड्यांचे यूटीएमवरचे (ताण-चाचणीच्या यंत्रावरचे) यील्ड आणि मोजलेली अंतरं आलेखावर मांडा आणि रेघ काढा. स्थिरांक दुसऱ्याच्या पेपरमधून उचलू नका, कारण मोजणीची पद्धत बदलली की ते बदलतात. आणि एक लक्षात असू द्या. वर्गमुळाऐवजी सरळ व्यस्त प्रमाण धरलं तरी तीन बिंदूंवर रेघ तितकीच छान बसते. तीन बिंदूंवरून कायदा सिद्ध होत नाही, फक्त त्या टप्प्यातलं भाकीत करता येतं.

दुसरा मार्ग स्ट्रेन ग्रेडियंट प्लास्टिसिटीचा. त्यात लांबी समीकरणातच येते. तो जास्त खरा, पण जड. पहिल्या वर्षी नको.

पायरी ७: एका कॉलनीकडून अनेकींकडे

आता फेराइटला क्रिस्टल प्लास्टिसिटी द्या, म्हणजे ठरावीक प्रतलांवर ठरावीक दिशांनीच सरकणारा स्फटिक. बीसीसी लोखंडाचे (फेराइटची स्फटिकरचना हीच) लवचीक स्थिरांक C11, C12 आणि C44 सुमारे २३०, १३५ आणि ११७ गिगापास्कल. सिमेंटाइट सुरुवातीला फक्त लवचीक ठेवा, नंतर त्याला यील्ड द्या. पट्टीला समांतर स्लिपला कमी प्रतिकार, पट्टीला आडव्या स्लिपला अंतरावरून काढलेला जास्त प्रतिकार. एवढं केलं तरी चौथ्या पायरीतला दिशांचा फरक आपोआप दिसू लागतो. ०, ४५ आणि ९० अंशांवर तीन रन करा. ४५ चा सगळ्यांत मऊ आला नाही तर पुढं जाऊ नका, चूक शोधा.

मग अनेक कॉलन्या. इथं प्रत्येक पट्टी मेश करण्याचा मोह होतो. हिशेब करा. ५ मायक्रॉनची कॉलनी, २३ नॅनोमीटरची पट्टी नीट पकडायला ५ नॅनोमीटरचं एलिमेंट. एका बाजूला १०००, तिन्ही दिशांना मिळून १०० कोटी एलिमेंट, तेही एकाच कॉलनीसाठी. म्हणून पट्ट्या काढायच्याच नाहीत. प्रत्येक बिंदूवर पाचव्या पायरीचे दोन नियम पाळणारा पट्ट्यांचा पदार्थ बसवायचा आणि कॉलन्यांची फक्त रचना काढायची. कॉलन्यांची भूमिती नेपर या सॉफ्टवेअरनं करता येते, क्रिस्टल प्लास्टिसिटी डामास्क या सॉफ्टवेअरमध्ये चालते. दोन्ही फुकट आहेत. सीमा आवर्ती ठेवा (समोरासमोरच्या बाजू एकमेकींना जोडलेल्या धरा), दिशा विखुरलेल्या द्या. ५० कॉलन्या, मग १००, मग २००. आलेख हलायचा थांबला की तेवढ्या पुरे.

पसाराही इथंच वापरा. सगळ्या कॉलन्यांना सरासरी अंतर देऊ नका, मोजलेल्या पसाऱ्यातून वाटा. सरासरी आलेख फारसा बदलणार नाही, पण विकृती कुठं साठते ते बदलतं आणि तडा तिथंच सुरू होतो.

स्थिरांक बसवताना पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्याचा डेटा वापरा, दुसरा बाजूला ठेवा. मग दुसऱ्याचं फक्त मोजलेलं अंतर द्या आणि त्याचा आलेख मॉडेलला काढू द्या. एकाच ताण-आलेखावर सहा स्थिरांक बसवून "मॉडेल जुळलं" म्हणणारे प्रोजेक्ट रिपोर्ट मी खूप पाहिलेत. तिथं जुळण्यावाचून दुसरं काही होऊच शकत नसतं. जमलं तर एक नमुना ताणून लगेच दाबूनही बघा. बाउशिंगर परिणाम जुळला म्हणजे फेराइट आणि सिमेंटाइटमधली भाराची वाटणी बरोबर आहे.

पायरी ८: तार

शेवटची परीक्षा तारेची. क्रेनचा वायर रोप, स्प्रिंगची तार, मिरजेच्या सतारीवर चढणारी पोलादी तार, या सगळ्या ओढलेल्या पर्लाइटच्याच. ५.५ मिलिमीटरचा वायर रॉड २ मिलिमीटरपर्यंत ओढला तर व्यास २.७५ पट कमी होतो. पट्ट्या तारेच्या दिशेला वळत जातात आणि अंतरही साधारण त्याच प्रमाणात आकसतं. २.७५ चं वर्गमूळ १.६६, म्हणजे मजबुतीचा अंतरावर अवलंबून असलेला भाग १.६६ पट. एम्बरी आणि फिशर यांनी १९६६ साली तारेसाठी हेच मांडलं होतं. त्यांच्या सूत्रात हा भाग e च्या घाताप्रमाणे वाढतो, आणि घातांक म्हणजे विकृतीचा एक चतुर्थांश. इथली विकृती म्हणजे २.७५ च्या नैसर्गिक लॉगची दुप्पट, २.०२. घालून बघा, पुन्हा १.६६ येतो.

आकडा जुळला तरी थांबू नका. तारेचा आडवा छेद पॉलिश करून एसईएमखाली ठेवा. लांबीच्या छेदात पट्ट्या सरळ, एका ओळीत दिसतात. आडव्या छेदात त्या गुंडाळलेल्या, भोवऱ्यासारख्या वळलेल्या दिसतात. ओढताना फेराइटचे स्फटिक एका ठरावीक दिशेला वळतात. त्या दिशेत तारेची जाडी चारही बाजूंनी सारखी कमी करणं त्यांना जमत नाही, ते एकाच बाजूनं चपटे होतात. मग शेजाऱ्यांशी जुळवून घेण्यासाठी एकमेकांभोवती वळतात. तुमच्या मॉडेलमध्ये ताण-आलेख कसाही आला असला तरी २ च्या विकृतीनंतरचा आडवा छेद काढा आणि एसईएमच्या फोटोशेजारी ठेवा. त्यात ही वळणं दिसली तर स्लिप प्रतलं आणि दिशा बरोबर बसल्या आहेत. कॉलन्या अजून गोल-गरगरीतच असतील तर सातव्या पायरीवर परत जा आणि फेराइटच्या दिशा पुन्हा तपासा.